बकरा मंजूर झाला

वहिनींनी आयुष्यात पुष्कळ वाईट चित्रं काढली होती. पण ती सगळी मुद्दाम काढलेली होती, आणि त्याबद्दल त्यांना रास्त अभिमान होता.

हे जरा नीट सांगायला हवं. वहिनी सिनेमांसाठी चिलखतं काढत. वीरांगना गच्चीवरून झेपावते, तोफेचा गोळा छातीवर झेलते आणि वर केस सारखे करते, असं पटकथेत लिहून लेखक मोकळा होतो. त्या वेळी ती अंगात काय घालणार आणि त्यात तिला श्वास कुठून घेता येणार, हे मात्र कुणीतरी बसून ठरवावं लागतं. त्या कुणालातरी कॉन्सेप्ट आर्टिस्ट म्हणतात. वहिनींचं चित्र मंजूर झालं की कारखान्यात त्याचे साचे पडत, साच्यांतून फायबरचे तुकडे निघत, ते पट्ट्यांनी नि बिजागऱ्यांनी जोडले जात, आणि शेवटी एखादं हाडामांसाचं माणूस त्यात कोंबलं जाई.

त्यांना वहिनी म्हणण्याचा हक्क असलेली युनिटमध्ये एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची सख्खी नणंद. नणंद त्याच सिनेमांत नायिकेची डुप्लिकेट होती. नायिकेने मारायच्या उड्या हीच मारे, नायिकेने खायचा मार हीच खाई. तिने एकदा सेटवर सगळ्यांदेखत "ए वहिनी!" अशी हाक मारली, आणि त्या दिवसापासून लाइटवाल्यांपासून निर्मात्यापर्यंत सगळ्यांना फुकटात एक भावजय मिळाली. निर्माते वयाने वहिनींच्या वडिलांच्या बरोबरीचे. तेही वहिनीच म्हणत.

नणंदेला घरीदारी पिसू म्हणत. लहानपणी कपाटावरून गादीवर, गादीवरून भावाच्या पोटावर असा तिचा दिवस जाई. आता तेच ती कॅमेऱ्यासमोर करी. पडद्यावर तिचा चेहरा कधी दिसत नसे. पण तिची आई, म्हणजे वहिनींच्या सासूबाई, शेजारणींना बोलावून सिनेमा दाखवत आणि मधेच थांबवून सांगत, "ही बघा. ही पाठ आमची."

आता बकऱ्याबद्दल.

मीटिंगला चित्रं तीन न्यायची असतात. दोन खरी आणि एक बकरा. ही या धंद्यातली जुनी रीत आहे, आणि ती धंद्याबाहेर कुणी बोलत नाही. त्याचं असं आहे की मीटिंगला बसलेल्या माणसांना काहीतरी नाकारावंच लागतं. नाकारल्याशिवाय आपण काम केलं असं त्यांना वाटत नाही, आणि काम केल्यासारखं वाटल्याशिवाय ती खुर्चीतून उठत नाहीत. त्यांच्यापुढे नुसतीच चांगली चित्रं ठेवली तर ती त्यांचेच लचके तोडतात. एक म्हणतो हात बदला, दुसरा म्हणतो पाय बदला, तिसरा उशिरा येतो आणि हात-पाय तेच ठेवून बाई बदला म्हणतो. म्हणून त्यांच्यापुढे नाकारण्यासाठी एक वेगळं चित्र टाकायचं. त्यांनी ते फाडून खावं, तृप्त व्हावं आणि खरं चित्र मंजूर करून चहाला जावं.

बकरा काढणं येरागबाळ्याचं काम नव्हे. फारच वाईट काढला तर संशय येतो. चुकून बरा निघाला तर घात होतो. शिवाय बकऱ्याचं कौतुक आपणच करायचं असतं, तेही सगळ्यांत जास्त. कुणाच्या तरी जिवाभावाची गोष्ट नाकारतोय असं वाटल्याशिवाय नाकारणाऱ्याला गोडी येत नाही. वहिनींचे बकरे धंद्यात नावाजलेले होते. आजवर एकही वाचला नव्हता.

या खेपेला मात्र वहिनी रागावलेल्या होत्या. रागात माणसाने बकरा काढू नये.

राग यायला कारण होतं. आधीच्या बैठकीत निर्माते म्हणाले होते, "चिलखत दणकट पाहिजे. रणगाडा वाटला पाहिजे रणगाडा! पण कंबर दिसली पाहिजे."

"रणगाड्याला कंबर नसते, साहेब."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलंय."

दिग्दर्शक खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला तिच्यात एकाकीपणा हवाय."

"चिलखतात?"

"गळ्यापाशी कुठेतरी."

वहिनी घरी आल्या आणि त्यांनी हे सगळं शब्दश: बकऱ्यात घातलं. रणगाडा हवा? घ्या. कंबर हवी? घ्या, मुठीत मावेल एवढी. एकाकीपणा हवा? त्यांनी मानेभोवती एक सबंध, कुठेही जोड नसलेला गळा चढवला, पार कानांपर्यंत. त्यात अडकलेल्या बाईला ना खाली बघता येईल, ना शेजारी. इतकी एकाकी बाई सिनेमात झालीच नसती. काढता काढता वहिनींचा राग बराचसा निवला, आणि चित्र, खरं सांगायचं तर, भलतंच झोकात निघालं. इथेच चुकलं.

खरं चित्र वेगळं होतं. त्यातला गळा वहिनींनी खवल्या मांजरावरून घेतला होता. ते जनावर अंगाचा चेंडू करतं तेव्हा त्याचे खवले एकमेकांखाली कसे सरकतात, हे त्या कितीतरी दिवस बघत बसल्या होत्या. एकावर एक चढणाऱ्या पातळ पट्ट्या. मान खाली घाला, वर करा, वळवा, पट्ट्या मुकाट्याने मागोमाग येतात. असं काही त्यांच्या हातून पूर्वी झालं नव्हतं, आणि यापुढे होईल याची त्यांना खात्री नव्हती.

मीटिंगची खोली काचेची होती. आत काय चाललंय ते बाहेरच्यांना दिसे, आणि आतल्यांना शेवटपर्यंत कळत नसे. वहिनींनी बकरा पडद्यावर आणला आणि रिवाजाप्रमाणे आवाज चढवला.

"हा गळा म्हणजे तिचा स्वाभिमान आहे. जग इकडचं तिकडे होवो, हिची मान झुकत नाही!"

हे वाक्य त्यांना तिथल्या तिथे सुचलं होतं. बोलून झाल्यावर त्या हात बांधून उभ्या राहिल्या आणि सुरी पडायची वाट पाहू लागल्या.

निर्मात्यांनी टेबलावर थाप मारली. "हेच!"

"हेच म्हणजे?"

"हेच चिलखत! आणि पोस्टरवर हेच वाक्य. 'हिची मान झुकत नाही.' वा, वहिनी, वा!"

दिग्दर्शकांच्या डोळ्यांत पाणी होतं. खवल्यांच्या गळ्याकडे पाहून ते म्हणाले, "हे जरा... सुबक आहे." आणि सुबक ही शिवी असल्यासारखे सगळे हसले.

त्या दिवशी घरी जेवताना वहिनींच्या तोंडाचा पट्टा थांबेना.

"डोळे आहेत की बटणं? एवढे खवले एकेक करून काढले मी! आणि ही माणसं त्या पिंपाला भुलली! पिंप आहे ते, पिंप! वर बाईचं डोकं बसवलंय!"

त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानाचे मालक. दिवसभर लोकांना 'आता स्पष्ट दिसतंय का' असं विचारून त्यांचा आवाज कायमचा मवाळ झाला होता. ते म्हणाले, "अगं, पण काढलंस तूच ना?"

"नापास व्हायला काढलं होतं!"

"मग तसं खाली लिहायचं."

वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ताट घेऊन खुर्ची बदलली.

सासूबाई म्हणाल्या, "चिडू नकोस गं. पाठ कशी दिसते त्यात? पाठ चांगली दिसली म्हणजे झालं."

पिसू तेवढ्यात आली आणि उभ्याउभ्याच भावाच्या ताटातलं उचलून खाऊ लागली. तिने चित्र फोनवर पाहिलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"भारी आहे की, वहिनी! हेच घालून पडायचंय मला?"

"पडायचंय?"

"तिसऱ्या मजल्यावरून, उलटी. पाठीवर. खाली हवेची गादी." तिने बोटाने पडद्यावर गळा मोठा करून पाहिला. "हे वाकतं ना गं?"

"का?"

"पाठीवर पडताना हनुवटी छातीला लावावी लागते. डोकं मागे राहिलं आणि झटका बसला, की मान गेली. पहिल्या दिवशी हेच शिकवतात." मग वहिनींचा चेहरा पाहून ती हसली. "अगं, वाकत असेलच. तूच काढलंयस ना!"

वहिनींच्या तोंडाचा पट्टा थांबला. यजमानांनी ताटावरून वर पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असं आपोआप थांबताना त्यांनी तो पाहिला नव्हता.

आतापर्यंत वहिनींचा राग कलावंताचा होता. कलावंताच्या रागाला रात्री झोप लागते. या दुसऱ्या रागाला लागेना, कारण त्याचं अर्धं तोंड त्यांच्याकडेच वळलेलं होतं. सकाळी उठल्या उठल्या त्यांनी गळा चार बोटं खाली आणला, मधे जोड दिला आणि चित्र पाठवून दिलं. चार दिवसांनी उत्तर आलं, गळा होता तसाच ठेवावा. पोस्टर लागलं होतं. वहिनी कामावर निघाल्या तर कोपऱ्यावरच्या भिंतीवर ते होतंच. दोन मजले उंच पिंप, त्यावर डोकं, आणि खाली हातभर अक्षरांत त्यांचंच वाक्य.

"मग पडण्यापुरता रबराचा गळा करू," त्या निर्मात्यांना म्हणाल्या. "रंग तोच. कुणाला कळणार नाही."

"दिग्दर्शकांना विचारा."

दिग्दर्शक म्हणाले, "पडताना कॅमेरा तिच्याबरोबर खाली येतोय. अगदी जवळून. रबर वाकलं की त्याला सुरकुत्या पडतात. माझ्या वीरांगनेच्या गळ्याला सुरकुत्या?"

"सर, मान मोडेल."

"फाइट मास्टरांशी बोला."

फाइट मास्टर मैदानात दोर तपासत होते. वहिनींनी मागून हाक मारली तेव्हा ते सबंध वळले, आधी पाय, मग कंबर, मग खांदे, एखादं जहाज वळावं तसे. त्यांची मान पंचवीस वर्षांपूर्वी एका सिनेमात राहिली होती.

"मी साहेबांना सांगून पाहिलं," ते म्हणाले. "म्हणाले, तुमच्या वेळी कसं करायचात? आता काय बोलू? आमच्या वेळी आम्ही गादीशिवाय पडत होतो."

"आणि?"

"आणि काय, हे असे वळतोय." ते पुन्हा सबंध वळून दोराकडे गेले.

चिलखत तयार झालं, तेव्हा ते अंगावर घालून बघायला पिसूला कारखान्यात बोलावलं. कारखान्याने जीव ओतला होता. चित्रातला एकेक ओरखडा त्यांनी फायबरवर उतरवला होता. वहिनींचा ब्रश एका ठिकाणी चुकून घसरला होता, तर तो घसरलेला फराटासुद्धा उठावात कोरून काढला होता. मागून पट्टे आवळले, गळा चढवला, आणि निर्मात्यांनी टाळ्या वाजवल्या. नायिका खुर्चीत बसून सरबत पीत होती. तिला हे चिलखत घालून फक्त उभं राहायचं होतं. तीही म्हणाली, "किती कूल!"

पिसूने हनुवटी खाली घालायचा प्रयत्न केला. मग जोर लावून केला. डोकं तसूभर हललं नाही, नुसतं कपाळ लाल झालं. ती सबंध वळली, आधी पाय, मग कंबर, मग खांदे. तिचे डोळे वहिनींना शोधत होते.

कपडे बदलायच्या खोलीत वहिनी तिच्या पाठीचे पट्टे सोडवू लागल्या. 

"पिसू, तू नाही म्हण. सरळ सांग, पडणार नाही."

"सांगेन की."

"सांग मग!"

"मी नाही म्हटलं तर ते स्टंटला आलेल्या त्या नव्या मुलीला उभी करतील. तयारच आहे ती, सकाळपासून दोनदा विचारून गेली. तिचीही मान माझ्याएवढीच आहे, वहिनी." ती गळ्यातून डोकं सोडवत म्हणाली. "फक्त तिची वहिनी इथे कामाला नाही."

वहिनींनी तो गळा हातात घेतला. चांगलाच जड होता. चित्र काढताना त्याला वजन नव्हतं.

त्यांनी बरोबरीच्या चित्रकारांना सांगितलं, की मी मीटिंगमध्ये खरं काय ते सांगून टाकणार आहे. दोघांनी उठून आधी दार लावून घेतलं. मग एक जण म्हणाला, "वहिनी, सगळ्यांच्या पोटावर पाय येईल. उद्यापासून आमच्या प्रत्येक चित्राकडे संशयाने बघतील."

"बघू देत. डोळ्यांना तेवढीच सवय होईल."

काचेच्या खोलीत त्यांनी मंजूर झालेलं चित्र पुन्हा पडद्यावर लावलं.

"साहेब, हा बकरा आहे."

निर्माते पुढे झुकून निरखून पाहू लागले. "कुठे? मला तर बाईच दिसतेय."

मग वहिनींनी सगळं सांगितलं. तीन चित्रं का आणतात, तिसरं कशासाठी असतं, त्याचं कौतुक का करायचं. त्यांनी आवाज चढवला नाही. रागाचं टोक गाठलं की माणूस हळूच बोलतो. "ते गळ्याचं वाक्यही तेव्हाच सुचलेलं. तुम्ही नाकारावं म्हणून बोलले. तीन दिवसांनी त्या गळ्यात एक मुलगी तिसऱ्या मजल्यावरून पडणार आहे, आणि तिला मान वाकवता येत नाही. हा गळा काढा."

मुलीबद्दल कुणीच काही बोललं नाही.

दिग्दर्शकांचा चेहरा पांढरा पडला होता. "माझ्या मागच्या सिनेमातले पंख? मला बक्षीस मिळालं होतं त्यांचं."

"ते खरे होते, सर."

"शपथ?"

"शपथ."

"पण तुम्ही त्यांचंही खूप कौतुक केलं होतंत." ते खुर्चीत आणखी खचले. "मला आठवतंय, खूप केलं होतंत."

निर्मात्यांना मात्र वेगळीच गोष्ट लागली होती. त्यांच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आम्हाला... आम्ही इथे बसून... एवढी चर्चा करून..." त्यांना वाक्य संपवता येईना. "आणि हे बाहेर किती जणांना माहीत आहे?"

"धंद्यातल्या सगळ्यांना. बकरा दिसला की ओळखू येतो."

"मग ते पोस्टर पाहून?"

"हसतात, साहेब. येताजाता उभं राहून हसतात."

हे शेवटचं वहिनींच्या पदरचं होतं. पण लागू पडलं ते तेच. निर्माते उठून काचेपाशी गेले आणि बाहेर कोण हसतंय का ते पाहून आले.

"गळा बदला," ते म्हणाले. "लढाईत मोडला असं दाखवू. नवीन करा, आणि माझ्या सिनेमात पुन्हा बकरा आणलात तर तुम्ही आणि मी!"

जे मानेसाठी झालं नव्हतं ते नाकासाठी झालं. वहिनी जिना उतरताना रेलिंगवर मूठ आपटत होत्या. काम झालं होतं आणि राग दुप्पट झाला होता.

गळा ओतून वाळायला कारखान्याला दोन दिवस हवे होते आणि पडण्याचा दिवस पुढे जाणार नव्हता. म्हणजे दुसऱ्याच दिवशी मंजुरी हवी, नाहीतर जुनाच गळा. वहिनींनी तीन गळे काढले, तिन्ही वाकणारे. पहिला खवल्यांचाच, या चिलखताला बेतलेला. रागाच्या भरात तो आधीपेक्षाही सुरेख उतरला. दुसरा दुमडणाऱ्या पंख्यासारखा. तिसरा अगदीच साधा, मागेपुढे दोन पाती आणि बाजूला बिजागरी. घोड्याच्या खोगिराचा तुकडा वाटावा असा.

तीन चित्रं पाहून मीटिंगमध्ये सगळे सावरून बसले.

"यातला बकरा कोणता?" निर्मात्यांनी विचारलं.

"एकही नाही, साहेब. तुम्हीच सांगितलंत."

"असं कसं होईल? तीन आहेत ना?"

"तिन्ही खरे आहेत. कुठलाही घ्या."

"कुठलाही घ्या म्हणे!" ते शेजाऱ्यांना म्हणाले. "एकदा हात पोळलाय आपला."

कुणी बोट उचलेना. पंख्याला बरं म्हणायला एकाने तोंड उघडलं आणि दुसऱ्यांकडे पाहून मिटलं. चहा आला, तो प्यायला गेला. निर्माते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बसू. शांतपणे पाहू." काचेबाहेर पिसू आणि फाइट मास्टर उभे होते. मास्टर सबंध वळून घड्याळ पाहत होते.

"पुढच्या आठवड्यात ती पडून झालेली असेल!" वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात दिग्दर्शक ताठ बसले. रात्रभर पंखांचा विचार करून त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "थांबा. या खवल्यांवर तुम्ही सगळ्यांत जास्त बोललात. जनावर काय, चेंडू काय. आवाजसुद्धा बदलला होता तुमचा. आणि बकऱ्याचं कौतुक सगळ्यांत जास्त करतात, असं कालच म्हणालात!"

सगळी खोली वहिनींकडे पाहू लागली.

त्यांना ओरडावंसं वाटलं. हे चित्र आवडतं म्हणून बोलले मी, आवडतं म्हणून! बावीस वर्षांत एकदा असं काही हातून होतं! शब्द ओठांपर्यंत आले. आणि त्यांना दिसलं की हे बोललं की चर्चा होईल, चर्चा झाली की पुढचा आठवडा येईल, आणि काचेपलीकडे पिसू हनुवटी खाली-वर करत मानेचे स्नायू सैल करत होती.

वहिनींनी मान खाली घातली. "पकडलंत, सर."

खोलीत आनंदीआनंद झाला. निर्मात्यांनी दिग्दर्शकांच्या पाठीवर थाप मारली. मग सगळे मिळून खवल्यांवर तुटून पडले. "मासळी आहे का ती?" "छपराची कौलं!" "लपवून आणलात काय, वहिनी! आता आम्हाला वास येतो!" कितीतरी दिवसांत कुणी इतकं पोटभर नाकारलं नव्हतं. खाऊन झाल्यावर त्यांनी ढेकर द्यावी तशी तिसऱ्या चित्राला मंजुरी दिली. खोगिराचा तुकडा. त्याच्याकडे कुणी नीट पाहिलंही नाही.

वहिनींनी खवल्यांचं चित्र पडद्यावरून काढलं. "साहेब, बिजागरी पितळेची लावते," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी हळू होता.

पडण्याच्या दिवशी यजमान दुकान बंद करून आले होते. बहिणीला पडताना पाहायची त्यांना भीती वाटे, म्हणून चष्मा खिशात ठेवून ते वहिनींशेजारी उभे होते. "काय दिसतंय?" असं दर मिनिटाला विचारत होते.

तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर पिसू पाठमोरी उभी राहिली. मास्टरांनी हात खाली केला. ती मागे झुकली आणि सुटली. हवेतच तिची हनुवटी छातीला जाऊन टेकली. वहिनींना ती दोन पाती एकमेकांत सरकताना दिसली, दुसरं काहीच दिसलं नाही. गादीने तिला गिळलं. फुस्स असा मोठा आवाज झाला. मग गादीतून एक हात वर आला आणि त्याचा अंगठा वर झाला.

"काय दिसतंय?" यजमान म्हणाले.

"आहे," वहिनी म्हणाल्या. "पूर्ण आहे."

दिग्दर्शक पडद्यावर तेच दृश्य पुन्हा पाहत होते. त्यांनी ओठ पुढे काढले, डोकं एका बाजूला कलतं केलं आणि कर्णा उचलला.

"छान! पण पडताना ती मान जी आत घालते ना, ते जरा भित्रं वाटतं. एकदा मान न वाकवता करू या का?"

वहिनींनी पर्स यजमानांच्या हातात दिली. पदर खोचला. मधल्या दोन खुर्च्या बाजूला करायची त्यांनी तसदी घेतली नाही, त्या आपोआप पडल्या. लाइटवाल्यांनी वाट करून दिली. निर्माते एकाएकी फोनवर बोलू लागले. दिग्दर्शकांनी कर्णा तोंडासमोर धरला तो तसाच राहिला, आता तो ढालीसारखा दिसत होता.

गादीतून पिसूचं डोकं वर आलं. तिने हनुवटी सहज फिरवून इकडे पाहिलं आणि घसा फोडून ओरडली, "दादा, धर तिला! सर, तुम्ही पळा!"

दादांनी धरलं नाही. त्यांचा चष्मा खिशात होता.

दुसरा टेक झाला नाही.